किल्ला पाहायला डोंगरच कशाला हवा?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूत. एकट्या पुणे जिल्ह्याच्या वाट्याला शिवनेरी, लोहगड आणि राजगड असे तीन आले आणि जिल्ह्याने त्याचा आनंद रीतसर साजरा केला. त्या यादीत भुईकोट मात्र एकही नाही. यादीचा हेतू मराठ्यांनी डोंगर आणि समुद्र यांचा लढाईसाठी कसा उपयोग केला हे दाखवण्याचा होता, त्यामुळे तिच्यात चूक काढण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती आपल्या मनात पक्क्या बसलेल्या यादीबद्दल. वाकड, पुनावळे, ताथवडे या भागातल्या सोसायट्यांमध्ये ‘किल्ला पाहायला जाऊ’ असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ लोहगड, विसापूर, तिकोना किंवा तुंग असाच होतो. किल्ला म्हणजे चढण, घाम, पावसाळा आणि माथ्यावरचा फोटो. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या दरवाजांत माणसांची कशी कोंडी होते ते आता सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले आहे. त्याच रविवारी, त्याच तालुक्यात, डोंगराखाली सपाटीवर उभा असलेला इंदुरीचा किल्ला जवळजवळ मोकळा असतो.

सपाटीवरच्या भुईकोटांची, गढ्यांची आणि वाड्यांची उपेक्षा ही केवळ पर्यटनाची उणीव नाही. तिच्यामुळे आपल्या इतिहासाचे एक अख्खे शतक नजरेआड राहते, आणि त्या वास्तू हळूहळू मोडत जातात त्याचेही ते एक कारण आहे. ताथवड्याहून पाहिले तर हे सारे फार दूर नाही. ताथवड्याला स्वतःचा किल्ला नाही. (इंटरनेटवर ‘ताथवडा किल्ला’ शोधणाऱ्याला संतोषगड सापडतो, पण तो फलटण तालुक्यातला आणि त्याच्या पायथ्याचे ताथवडेही वेगळे.) मात्र देहूरोडवरून तळेगाव दाभाडे, तिथून चाकण रस्त्याने इंदुरी, पुढे भंडारा डोंगर डाव्या हाताला ठेवून चाकण, आणि मोशी-भोसरीवरून परत येताना चिंचवडगाव, अशी एका दिवसात आरामात होणारी फेरी आहे. तिच्यात एक भुईकोट, एक सरदारी किल्ला, एका सेनापतीचे गाव, गाणपत्य संप्रदायाचे पीठ आणि क्रांतिकारकांचे घर एवढे सगळे येते. यांतल्या एकाही ठिकाणी गुडघ्यांची परीक्षा नाही. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले, चाकाच्या खुर्चीवरची माणसे यांना गडकिल्ले हा शब्द आपण आजवर फक्त ऐकवला. त्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल असे किल्ले हेच आहेत.

चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. पंधराव्या शतकात बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणातल्या मोहिमांसाठी तळ म्हणून निवडले ते चाकण, कारण जुन्नर, पुणे आणि घाटवाटा या सगळ्यांवर इथून नजर ठेवता येत होती. आज कंटेनरवाले आणि मोटार कारखाने ज्या कारणाने चाकणला आले तेच हे कारण, फक्त माल बदलला. जून १६६० मध्ये शायिस्ताखानाने या कोटाला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि काही शे माणसे. बाहेर मोगलांची मोठी फौज आणि तोफखाना. भुईकोटाला डोंगराची आड नसते. त्याच्याकडे असतात खंदक, जाड तट, बुरूज आणि आतल्या लोकांची चिकाटी. भर पावसात हा कोट पन्नासहून अधिक दिवस झुंजला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून सुरुंग खणून ऑगस्टच्या मध्यास एक बुरूज उडवला, आणि तरीही मावळ्यांनी खिंडारातून आत येणाऱ्यांना दिवसभर अडवून धरले. मोगलांचे अडीचशेहून अधिक लोक ठार आणि सहाशेच्या आसपास जखमी झाले. खानाने फिरंगोजीला चाकरीचे आमिष दाखवले, ते त्याने नाकारले. सपाटीवरचा एक कोट घ्यायला अख्खा पावसाळा जात असेल तर डोंगरावरचे किल्ले घ्यायला किती वर्षे लागतील, हा हिशेब मोगल छावणीत कोणी केला नसेल असे मानणे कठीण आहे. डोंगरी किल्ल्याची खरी किंमत कळायला आधी भुईकोट पाहायला हवा, तो यासाठी.

हा वेढा जागेवर उभे राहून समजून घेता येतो, कारण खंदकाचा भाग, बुरुजांचे अवशेष आणि दरवाजा अजून ओळखता येतात. मात्र समजून सांगणारे तिथे कोणी नसते. गावाचा रस्ता किल्ल्यातून जातो, घरे तटाला भिडली आहेत, आणि रोज तिथून ये-जा करणाऱ्या कामगाराला आपण १६६० च्या रणभूमीवरून शिफ्टला चाललो आहोत याचा पत्ता नसतो. चूक त्याची नाही. त्याला सांगायची व्यवस्था कोणी केलेली नाही.

इंदुरीची कथा वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. इंद्रायणीच्या काठचा हा किल्ला दाभाड्यांचा, १७२० च्या सुमाराचा. खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये छत्रपती शाहूंचे सेनापती झाले. गुजरातच्या स्वाऱ्या त्यांच्या घराण्याने केल्या आणि तळेगावला ‘दाभाडे’ हे आडनाव कायमचे चिकटले. इंदुरीचा दर्शनी दरवाजा अजून खणखणीत आहे: खाली घडीव दगड, वर विटांचे काम, आत कडजाई देवीचे देऊळ. तटाची मागची बाजू मात्र ढासळत चालली आहे. हा किल्ला कोणा बलाढ्य शत्रूचा वेढा महिनोन्महिने सोसण्यासाठी बांधलेला नव्हता. तो एका घराण्याचा दबदबा, खजिना आणि वसूल सांभाळण्यासाठी होता. इथेच एक गंमत आहे. सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीत लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडे, कोट आणि हुडे पाडले, त्यांना बुरूज न घालता रयतेसारखी घरे बांधून राहायला लावले, असे सांगितले आहे. प्रत्येक देशमुख-पाटील आपापल्या बुरुजाआडून स्वतंत्र राजा होऊन बसतो, हे महाराजांनी ओळखले होते. पुढे औरंगजेबाशी चाललेल्या दीर्घ लढ्यात आणि शाहूंच्या काळात सरंजामांची पद्धत रुजली आणि बुरूज पुन्हा उभे राहिले: तळेगाव-इंदुरीत दाभाड्यांचे, खेड तालुक्यात वाफगावला होळकरांचे, सासवडला पुरंदऱ्यांचे, सोनोरीला पानशांचे. म्हणजे सतराव्या शतकातले स्वराज्य डोंगरावर पाहायचे असेल, तर अठराव्या शतकातले साम्राज्य, त्याचा पैसा आणि त्याची भाऊबंदकी, ही सपाटीवरच पाहावी लागते. १७३१ मध्ये डभोईला बाजीरावांच्या फौजेशी लढताना त्रिंबकराव दाभाडे पडले, छत्रपतींचा सेनापती छत्रपतींच्याच पेशव्याशी लढताना मारला गेला. त्यांची आई उमाबाई पुढच्याच वर्षी गुजरातेत मोहिमेवर गेली. हा पेच ज्याला समजून घ्यायचा आहे त्याचे लोहगडाचा विंचूकाटा पाहून भागणार नाही. आपण सतरावे शतक चढतो आणि अठरावे गाडीच्या काचेतून मागे टाकतो.

या बाबतीत स्कॉटलंडकडे पाहण्यासारखे आहे. तिथले हवामान, दगड आणि पैसा आपल्यासारखा नाही हे मान्य, पण तिथला वास्तुप्रकार आपल्या गढीच्या फार जवळचा आहे. एडिनबरासारखे मोठे दुर्ग थोडे. बाकी देशभर पसरलेली असतात ती जमीनदारांची उंच, जाड भिंतींची, तीन-चार मजली मनोरेवजा घरे. १५३५ मध्ये तिथल्या संसदेने सीमेवरच्या मोठ्या जमीनदारांना दगडचुन्याचे तटबंद आवार बांधण्याची सक्तीच केली. संकटकाळी कुळांना आणि गुराढोरांना आत घेता यावे हा हेतू, आणि मालकाने स्वतःसाठी आत मनोरा बांधायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर. आपल्या गढीची व्याख्या करायची झाली तरी याहून वेगळी होणार नाही. अशा वास्तू आज कशा पाहिल्या जातात याचे उत्तम उदाहरण ॲबरडीन शहराभोवती आहे. हे शहर काही निव्वळ पर्यटकांवर जगणारे नाही. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रातले तेल सापडल्यापासून ते कंपन्यांचे, ठेकेदारांचे, बाहेरून नोकरीसाठी आलेल्यांचे गाव आहे. पिंपरी-चिंचवडकराला तिथे फार परके वाटू नये. शहरापासून पंधरा ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात ड्रम, क्रॅथेस, कॅसल फ्रेझर आणि क्रेगीव्हार ही घराणेदार वास्तूंची मालिका आहे. ड्रमची जमीन १३२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाने अर्विन घराण्याला दिली आणि साडेसहाशे वर्षे ते घराणे तिथे राहिले. पण विसाव्या शतकात ही घरे सांभाळणे त्या घराण्यांना झेपेना. १९५० च्या सुमारापासून पुढच्या पाव शतकात एकेक करून ही चारही घरे ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ या १९३१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे आली. मग सगळ्यांना जोडणारा एक मार्ग ठरला, रस्त्यावर पाट्या लागल्या, वार्षिक सभासदत्व सुरू झाले. ॲबरडीनच्या माणसाला रविवारी कुठे जायचे हा प्रश्न पडला की उत्तर तयार असते.

यातून मिळणारा धडा सरकारी खर्चाचा नाही, वहिवाटीचा आहे. ज्या वास्तूत माणसांचे येणे-जाणे काही कारणाने चालू राहिले ती टिकली, आणि जिचे कारण संपले ती उकिरडा झाली किंवा प्लॉट झाली. आपल्याच पंचक्रोशीत याचे पुरावे आहेत. चिंचवडचा मंगलमूर्ती वाडा आणि मोरया गोसावींचे समाधी मंदिर उभे आहे कारण तिथली पूजा आणि यात्रा कधी खंडित झाली नाही. चिंचवडगावातला चापेकर वाडा स्मारक म्हणून जिवंत आहे, कारण १८९७ मध्ये रँडचा वध करणाऱ्या भावांची आठवण गावाने धरून ठेवली आणि मुलांना तिथे आणण्याची रीत पाडली. इंदुरीतही जे जागते आहे ते कडजाईच्या देवळापाशी. वाताहत आहे ती देवीला जाणाऱ्यांची पावले जिथे पोचत नाहीत तिथे. चाकण हे याला अपवाद वाटेल, कारण तिथे वर्दळ तर दिवसभर आहे. पण नुसती वर्दळ आणि वहिवाट यात फरक आहे. जागेचे महत्त्व माहीत नसलेली वर्दळ तटाचे दगड घराच्या पायासाठी उचलते. आपल्याकडे कित्येक गावांत गढीची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या धाब्याच्या छतांसाठी वाहून नेली गेली. गढी शत्रूने पाडली नाही, गावाने पाटीपाटीने नेली. बघायला येणारा माणूस मात्र प्रश्न विचारतो, आणि कोणी तरी विचारतो आहे म्हटल्यावर गावकरीही त्या दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

यावर पहिला आक्षेप येतो की तिथे पाहण्यासारखे उरलेच काय आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एडिनबराच्या कडेचा क्रेगमिलर किल्ला आठवावा. त्याचे छप्पर बरेचसे गेलेले आहे, आत फर्निचर नाही, गालिचे नाहीत. पण १५६६ मध्ये स्कॉटलंडची मेरी राणी इथे मुक्कामाला असताना तिच्या नवऱ्याचा काटा काढण्याची मसलत झाली, एवढी गोष्ट नीट सांगितली की लोक तिकीट काढून रिकाम्या खोल्या पाहतात. चाकणच्या उडालेल्या बुरुजाची गोष्ट त्याहून कमी आहे काय? सगळे काही अखंड उभे असेल तरच पाहू, हा आग्रह आपण डोंगरावर धरत नाही. राजगडावर तरी वाड्यांचे चौथरेच आहेत. तिथे आपण चौथऱ्यावर हात ठेवून महाराजांची सदर डोळ्यांपुढे आणतो. तेवढी कल्पनाशक्ती सपाटीवर उतरल्यावर का संपावी?

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो वजनदार आहे. ज्या भागात पाणी दिवसाआड येते, चाकणच्या तळेगाव चौकात तासन्‌तास वाहने अडकतात, तिथे पडक्या तटावर खर्च कशाला, असे कोणी म्हणाले तर त्याला हसून चालणार नाही. पण दोन्ही खर्च एकाच खिशातून व्हायचे नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के हिस्सा सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितला आहे, आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचे जतन स्पष्टपणे लिहिलेले आहे. राज्यात संरक्षित स्मारके दत्तक देण्यासाठी ‘महाराष्ट्र वैभव’ ही योजनाही आहे. चाकण, महाळुंगे आणि तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात देशातले मोठे मोटार उत्पादक आहेत; त्यांच्या फाटकापासून संग्रामदुर्ग काही मिनिटांच्या अंतरावर आहे. शिवाय मागणी मोठी नाही. झाडोरा काढणे, कचरा उचलणे, ढासळता भाग चुन्यात बसवणे, वेढ्याचा नकाशा असलेला एक फलक आणि शनिवार-रविवार माहिती सांगणारे दोन स्थानिक तरुण. एवढ्यावर सुरुवात होते. खरी भीती पैसा न मिळण्याची नाही, जास्त मिळण्याची आहे. आपल्याकडे निधी आला की सुशोभीकरण येते: पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, सिमेंटचे नवे कोरे बुरूज. क्रेगीव्हारच्या भिंतींवर विसाव्या शतकात चढवलेला सिमेंटचा गिलावा ओल कोंडून ठेवू लागला, म्हणून पुढे तो काढून पुन्हा चुन्याचा करावा लागला. श्रीमंत देशाने केलेली चूक आपण तरी फुकट शिकून घ्यावी.

मालकीचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. गढ्या आणि वाडे बहुतेक खासगी. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे, त्यातली काही परदेशात, आणि कोर्टात दावे. पुरातत्त्व खात्याचा फलक लागला की आपली जागा गेली अशी वारसांना भीती वाटते, आणि बांधकामावर येणारी बंधने पाहता ती निराधार म्हणता येत नाही. ब्रिटनने यावर देण्याघेण्याचा तोडगा काढला. वारसाहक्काच्या करात सवलत हवी असेल तर वास्तू जपा आणि ठरलेले दिवस लोकांना पाहू द्या. आपल्याकडे वारसाकरच नाही, पण मालमत्ता कर आहे, आणि दुरुस्तीला अनुदानही देता येईल. वास्तूची मालकी घरमालकाकडेच राहील, तो वर्षातून काही दिवस दरवाजा उघडेल आणि बदल्यात महापालिका किंवा नगरपरिषद करात सूट देईल, असा करार करायला कोणत्या केंद्रीय कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ग्लासगोत १९९० मध्ये सुरू झालेला ‘डोअर्स ओपन’ हा उपक्रम याच विचारावर उभा आहे: वर्षातून एकदा, सप्टेंबरात, एरवी बंद असलेल्या वास्तू फुकट उघडायच्या. आपल्याकडे १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह म्हणून पाळला जातोच. त्यात भाषणांची संख्या थोडी कमी करून दरवाजे उघडले तर बिघडेल काय?

आणखी एक आक्षेप आहे, तो बहुधा दबक्या आवाजात घेतला जातो. गढी हे गावकीच्या सत्तेचे, सक्तीच्या वसुलीचे आणि वेठबिगारीचे ठिकाण होते. ज्यांच्या पणज्यांनी त्या भिंतींचे दगड वाहिले त्यांनी आता तिकडे कौतुकाने का जावे? हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारण्याची योग्य जागा गढीच आहे. स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनीही मेंढ्या पाळण्यासाठी हायलँड्समधल्या कुळांना गावेच्या गावे रिकामी करायला लावली. आज तिथल्या इतिहासात ते लपवलेले नाही. गढी पाडून टाकली तर वेठबिगारीचा पुरावाही तिच्याबरोबर जातो, आणि उरते ती फक्त घराण्याची वंशावळ, जी कोणीही सोयीने लिहितो. दरबाराच्या चौथऱ्याइतकीच धान्याची कोठारे, पागा, शिपायांच्या देवड्या आणि ज्या बारा बलुत्यांच्या श्रमावर हे उभे होते त्यांची नावनिशाणी दाखवली, तर तिथे जाणे म्हणजे मुजरा करणे ठरत नाही. सभासदाच्या बखरीतला तो बुरूजपाडीचा उल्लेख इंदुरीच्या दरवाजात वाचून दाखवावा. दाभाड्यांचा त्यात अपमान नाही, आणि पाहणाऱ्याला विचार करायला भरपूर काही मिळते.

राहता राहिले ते नवे शहरवासी. ताथवड्यात आज जे राहतात त्यांतले बहुतेक इथले नाहीत. कोणी लातूरचे, कोणी जळगावचे, कोणी वाशीमचे. त्यांना दाभाड्यांचे काय, असे म्हटले जाते. पण यांच्यापैकी कित्येकांच्या मूळ गावात बाभळी माजलेली, अर्धी ढासळलेली एक गढी आहे, जिच्यात लहानपणी खेळू नको म्हणून घरच्यांनी दम दिलेला असतो. इंदुरीचा दरवाजा कसा पाहायचा हे इथे कळले तर दिवाळीत गावी गेल्यावर ते त्या टेकाडाकडेही नीट पाहतील. राज्यातल्या अशा शेकडो गढ्यांची साधी नोंदही झालेली नाही, ती कदाचित अशाच लोकांकडून होईल.

तेव्हा मागणी अशी आहे. पीएमपीने रविवारसाठी चिंचवडगाव–तळेगाव–इंदुरी–चाकण अशी एक बस सुरू करावी. महापालिका, तळेगाव आणि चाकणच्या नगरपरिषदा आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून या मार्गावर मराठीत एकसारखे फलक लावावेत. शाळांनी सहलीच्या यादीत वॉटर पार्कच्या आधी संग्रामदुर्ग लिहावा. आणि वाचकांनी यातले काहीही होण्याची वाट न पाहता येत्या रविवारी घरातल्या आजी-आजोबांना गाडीत बसवून इंदुरीला जावे. तळेगावहून चाकण रस्त्याला लागले की किल्ला वाटेतच आहे.